पर्यायी मार्गाचा वापर करावा

कोकणातून बीड जिल्ह्यात येणाऱ्यांना वाटेत उशीर होतो, याची सगळ्यात जुनी नोंद अंबाजोगाईत आहे. योगेश्वरी देवी मूळची कोकणातली. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, घाट चढलं, अख्खा देश ओलांडून अंबाजोगाईला आलं, आणि परळी पंचवीस किलोमीटरवर राहिली असताना कोंबडा आरवला. मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले, देवी तिथंच राहिली आणि कोकणस्थ मंडळी आजही कुलदेवीच्या दर्शनाला घाट चढून आमच्याकडे येतात. उशिराचं कारण कथेत दिलेलं नाही. माझा अंदाज आहे की वऱ्हाड परशुराम घाटातून निघालं असणार आणि तिथं तेव्हाही चौपदरीकरण चालू असणार.

उलट्या दिशेची वाहतूक अलीकडची आहे. दिवाळीची सुट्टी लागली की बीडची एमएच २३ आणि अंबाजोगाईकडची एमएच ४४ घाटांच्या तोंडाशी दिसायला लागते. मागच्या काचेवर देवाचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरात नेत्याचं. डिकीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि वीस लिटरचा पाण्याचा जार. जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथंही आम्ही घरचं पाणी घेऊन जातो. पुण्यातले नातेवाईक याला हसतात आणि मग काळजीच्या सुरात सांगतात, "घाट आहेत हो तिकडे. धुकं असतं, दरडी पडतात, रस्ते बंद असतात. तुम्हाला सवय नाही."

सवय नाही! अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडच्या स्टेशनातून प्रवासी गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या तीस वर्षांत अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि आम्ही पर्यायी मार्गाचा वापर केला. पावसाऐवजी टँकर, कारखान्यातल्या नोकरीऐवजी कारखान्याचा ऊस, रेल्वेऐवजी काळी-पिवळी. २०१६ मध्ये महाडचा पूल वाहून गेला तेव्हा सगळीकडे जुन्या पुलांची आठवण झाली आणि बीड शहरातला बिंदुसरेवरचा पूलही धोकादायक ठरला. शेजारून पर्यायी रस्ता काढला. पावसानं तो पर्यायही वाहून नेला. पर्यायाला पर्याय शोधणाऱ्या माणसाला तुम्ही वरंधा घाट बंद असल्याची भीती घालता? कोकणात गाडी चालवायला जे शिक्षण लागतं, ते बीडमध्ये पहिलीपासून फुकट मिळतं.

फरक आहे तो डोंगरात. बालाघाट आधी चढावा लागतो. मांजरसुंब्याचा घाट चौपदरी झाल्यापासून तिथं घाट आहे हे फक्त भरलेल्या ट्रकांना कळतं. बाकीचे गाणं न बदलता पार होतात. सह्याद्रीचं तसं नाही. बीड आधीच समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचावर, आणि तिथून पश्चिमेला जमीन हळूहळू वर सरकत जाते ती कळतसुद्धा नाही. डोंगर चढल्याचा अनुभव न येता माणूस डोंगराच्या माथ्यावर पोचतो आणि एका वळणावर पुढची जमीनच संपते. म्हणजे बीडकराला सह्याद्री जाताना चढावा लागत नाही, नुसता उतरावा लागतो. चढण सगळी परतीच्या वाटेवर, पैसे आणि सुट्टी दोन्ही संपल्यावर.

म्हणून घाट कोणता, हा प्रश्न आमच्याकडे निघण्याआधी बैठकीत सुटतो. आमच्या बैठकीला दाजी असतात, कारण गाडी त्यांची. नाना असतात, कारण ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत आणि बसल्या जागी महाराष्ट्र चालवतात. आत्या असते, कारण तिला विचारलं नाही तर धपाटे होत नाहीत. भाचा असतो, त्याच्या हातात फोन असतो.

नानांचं मत माळशेजला. "गढीवरनं सरळ रोड धरा. पाथर्डी, नगर, आळेफाटा, माळशेज. डोळे झाकून जाता येतंय."

"डोळे झाकूनच जायचं तर घरी काय वाईट हाय?" दाजी म्हणाले.

पण नानांच्या रस्त्याचं घराणं मोठं आहे. माजलगाव-गढीवरून जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६१. लोक त्याला कल्याण-विशाखापट्टणम रस्ता म्हणतात. त्या नावाच्या एका टोकाला अरबी समुद्राची खाडी, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर आणि मधोमध आम्ही, टँकरची वाट बघत. सातवाहनांच्या काळातही पैठणहून जुन्नरमार्गे नाणेघाटात उतरायचं आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचं, असा रस्ता होता. गोदावरी ओलांडली की पैठण आमच्या गेवराईला लागूनच. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा भलामोठा रांजण आजही आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. त्या रांजणावर 'पुढील सहा महिन्यांत रस्त्याचे काम पूर्ण होईल' असा फलक नव्हता. पैसे टाकायचे आणि उतरायचं. आमच्या पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर फास्टॅगमध्ये पैसे असतानाही मशीनला ते दिसत नाहीत, तेव्हा मला सातवाहनांची फार आठवण येते.

भाच्याचं मत ताम्हिणीला, कारण फोनचं तेच मत होतं. पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव. घाट देखणा, पावसाळ्यात तर दर वळणावर एक धबधबा आणि त्याच्याखाली एक पुणेकर. ताम्हिणी अवघड नाही. या मार्गावरचा अवघड घाट म्हणजे वाघोली ते चांदणी चौक. तिथं ना उतार, ना दरड, ना धुकं. तरी अनुभवी चालक तिथं क्लच प्लेट सोडून येतात.

वरंध्याचं नाव मीच घेतलं, भोर-महाड. नानांनी हात झटकला. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं वरंधा बंद होतो आणि एरवी रस्त्याच्या कामासाठी. त्याच्या पायथ्याला शिवथरघळ आहे. समर्थ जांबचे, म्हणजे आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. मराठवाड्याचा माणूस त्या घळीपर्यंत पोचला आणि तिथं ग्रंथ लिहीत बसला. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून पोचले.

आत्याला मात्र कुंभार्ली हवा होता आणि तिनं कारण सांगितलं नाही. ते नंतर नकाशावर कळलं. येरमाळ्यावरून बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर; पंढरपूरहून म्हसवड-दहिवडीचा रस्ता थेट मल्हारपेठेला निघतो, आणि मल्हारपेठ कराड-चिपळूण रस्त्यावर. म्हणजे येरमाळ्याची येडाई, विठोबा आणि समुद्र एका फेरीत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला जे सुचायला सल्लागार नेमावे लागतात, ते आत्याला भाकरी थापताना सुचलं.

कोल्हापूरकडचे घाट उरले. आंबा घाट २०२१ च्या जुलैतल्या पावसानं असा फाटला की अवजड वाहनांना कित्येक महिने तिकडं फिरकायची सोय राहिली नाही. गगनबावड्याचा करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद केला, दोन-तीन महिन्यांचं काम म्हणून. उघडेपर्यंत पुढचं वर्ष लागलं. तोवर लोक शेजारच्या अरुंद भुईबावड्यातून आणि फोंड्यातून उतरत होते. फलकावर काय लिहिलं होतं ते शीर्षकात दिलं आहे.

गगनबावड्याबद्दल पक्की माहिती आमच्या गल्लीत कुणाला असेल तर ती तात्याला. तात्या ट्रॅक्टर चालवतो. दसरा झाला की मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर बिऱ्हाडं, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या, पोरं, आणि मुकादमाची उचल फेडायला निघालेली माणसं. बीडमधून अशी लाखो माणसं दर हंगामाला ऊसतोडीला पश्चिमेला जातात. गगनबावडा तालुक्यातसुद्धा साखर कारखाना आहे, त्यामुळं आमची माणसं पार सह्याद्रीच्या कडेपर्यंत पोचलेली आहेत. कुठल्या वळणाला ट्रॉली ओढते, कुठल्या ढाब्यावर रात्री उभं राहू देतात, कुठला पूल पावसाळ्यानंतर खचतो, हे तात्याला फोनपेक्षा जास्त माहीत. मी विचारलं, "आन घाटाखाली रस्ता कसाय?"

"ते ठावं न्हाई भाऊ. ऊस घाटाच्या वरच संपतोय."

समुद्र तिथून दीड-दोन तासांवर. तात्या तिथं कित्येक हंगाम राहून आला आहे.

*

घाट शेवटी कुठलाही ठरो, उतरायचा नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला काम कमी पडतं. दाजींचा नियम वेगळा. उतार दिसला की न्यूट्रल. "डिझेल वाचतंय." वाचलेल्या डिझेलचे पैसे आणि जळालेल्या लायनरचे पैसे एकाच खिशातून जातात, हे त्यांना पटत नाही. तिसऱ्या वळणानंतर गाडीत वास सुटला. आत्यानं विचारलं, "काय जळायलंय?" दाजी म्हणाले, "कोकणात असाच वास असतोय." आत्यानं पदर नाकाला लावला आणि कोकणाबद्दलचं मत तिथंच बनवून टाकलं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, उतरणाऱ्यानं थांबावं, हाही नियमच आहे. कारण सोपं: चढाला एकदा थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. आमच्या जिल्ह्यात मात्र वाट कुणी कुणाला द्यायची हे काचेवरच्या नावावरून ठरतं. घाटात समोरून येणाऱ्या चिपळूणच्या ट्रकवाल्याला ते नाव वाचता येत नव्हतं, किंवा येत होतं आणि फरक पडत नव्हता. दाजींनी गाडी मागं घेतली. आमच्या जिल्ह्याच्या राजकारणात हा प्रसंग घडला असता तर पत्रकार परिषद झाली असती.

मध्येच भाच्याचा फोन मुका झाला. घाटात रेंज जाते, आणि निळी रेघ जिथं होती तिथं दरी दिसायला लागते. मग काच खाली करून माणसाला विचारायचं. यात कमीपणा नाही. ही परंपरा आहे. बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना या धनगरानं दाखवली, आणि बक्षीस काय हवं म्हटल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. जाणारे अजून गाडीतून त्याच्यापुढं नाणं टाकतात. आताचा वाटाड्या काही मागत नाही. तो आपल्याला चुकीच्या वाडीत नेऊन सोडतो आणि प्रवास कसा वाटला ते पाच ताऱ्यांत सांगा म्हणतो.

*

घाट संपला की खरा घाट लागतो. त्याला मुंबई-गोवा महामार्ग म्हणतात.

चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. पळस्पे ते इंदापूर हा त्यातला पहिला टप्पा फक्त ८४ किलोमीटरचा, आणि त्यानंच दशक खाल्लं. दर वर्षी गणपतीच्या आधी मंत्री गाडीतून पाहणी करतात आणि निदान एक बाजू तरी होईल असा शब्द देतात. गणपती येऊन जातात. खड्डे तेवढे अनंत चतुर्दशीनंतरही मुक्कामाला राहतात. परशुराम घाट २०२२ मध्ये दिवसातले ठरावीक तास बंद ठेवून कापला. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधता बांधताच कोसळला. कशेडीला बोगदा झाला, अर्ध्या-पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर आला. मग पावसाळ्यात बोगदा गळायला लागला. आमच्या भाच्यानं डोंगराच्या पोटात वायपर चालू केलेली गाडी पहिल्यांदा पाहिली.

एक काम मात्र वेळेत झालं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा तो सावित्रीवरचा पूल गेला. इंग्रजांच्या काळातला पूल. दोन एसटी गाड्यांसह वाहनं पुरात गेली. त्यानंतरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे यंत्रणेला जमतं. जमण्यासाठी आधी काय घडावं लागतं, तेवढं कुठल्या निविदेत लिहिलेलं नसतं.

गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो, आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्यांनाही. दोन्हीकडं तत्त्व एकच: देवावर हवाला ठेवून निघालेल्याकडून पैसे घेऊ नयेत.

रस्ता होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये कोकण रेल्वेनं नामी तोड काढली. कोलाडला आपली मोटार रेल्वेच्या वाघिणीवर चढवायची आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवून घ्यायची. एका गाडीचे ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. एका फेरीत चाळीस गाड्या मावत होत्या. गणपतीच्या गर्दीतही वाघिणी काही भरल्या नाहीत. भाच्यानं ही माहिती मोठ्या हौसेनं वाचून दाखवली. दाजींनी दोनच प्रश्न विचारले. कोलाडला पोचायला घाट उतरावाच लागतो ना? लागतो. एका गाडीमागं माणसं किती? तीन.

आमच्या गाडीत तेव्हा आठ जण आणि एक जार होता. बाकीच्या पाचांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा.

*

किनाऱ्यावर आल्यावर बीडच्या अनुभवी माणसाचीही थोडी फजिती होते, कारण इथं अंतर डोळ्यांनी मोजता येत नाही. आमच्याकडं समोर दिसणारं गाव म्हणजे जवळचं गाव. दाभोळला उभं राहिलं की खाडीपलीकडं धोपावे दिसतं, तिथल्या घराच्या अंगणातलं वाळवण मोजता येतं, पण गाडीनं वळसा घालून जायचं तर चिपळूणकडून अर्धा दिवस. म्हणून २००३ पासून तिथं फेरीबोट आहे. गाडीसकट बोटीवर चढायचं, दहाएक मिनिटांत पलीकडं. तशीच वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा.

दाजींना हे मान्य नव्हतं. "गाडी पाण्यात घालायची?" बोटवाल्या पोरानं हातानं खुणा करत गाडी आत घेतली, इंच इंच, आणि उतरून वर येऊन हवा खा म्हणाला. सगळे उतरले. दाजी हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले. पलीकडं पोचेपर्यंत बोट तेच चालवत होते.

या खाड्यांवर पूल बांधून रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग करायचा, हे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं. मधल्या काळात काही पूल झाले, बाकीचे कागदावर. बाणकोटच्या खाडीत तर पुलाचे खांब उभे राहिले आणि काम थांबलं. नुसते खांब, वर काही नाही. तीस वर्षं नुसता भराव बघत आलेल्या बीडकराला त्या खांबांपाशी माहेरी आल्यासारखं वाटतं. नाना गाडीतून उतरून ते बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "होतंय. घाई करू नये."

समुद्रावर गाडी न्यायची नाही, असं ठरलं होतं. नेली. ओहोटीला वाळू कडक दिसते, भरती सुरू झाली की चाकाखालून सरकते, आणि दर सुट्टीत कुणाची ना कुणाची गाडी लाटांत अडकल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरतो. पाटी मग पुण्याची असो, मुंबईची असो की बीडची. वाळू जिल्हा बघत नाही. पण आमची गाडी रुतली तेव्हा बैलजोडी घेऊन आलेल्या माणसानं पाटी वाचली आणि हसू दाबलं. त्याचंही बरोबर आहे. गोदावरीच्या पात्रातली वाळू रात्रीतून हायवात भरून गायब करणारा हा जिल्हा, आणि त्याची गाडी वाळूतच अडकावी!

पाटीचा आणखी एक परिणाम होतो. घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या काकूंनी विचारलं, "खंयसून इलात?" बीडहून म्हटल्यावर त्या दोन क्षण थांबल्या. "टीव्हीवर बघतंव हां तुमचां बीड." मग त्यांनी सगळे पैसे आधी घेतले. रात्री आत्यानं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला घेतली, काकूंनी सोलकढीचं गुपित सांगितलं, आणि सकाळी निघताना काकूंनी नारळ दिले. टीव्हीवर हे दाखवत नाहीत. दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

उन्हाळ्यात गेलात तर आणखी एक ओळखीचं दृश्य दिसतं: वाडीच्या कोपऱ्यावर टँकर, त्याच्याभोवती हंडे. जून ते सप्टेंबर जिथं आभाळ थांबत नाही, तिथं एप्रिल-मेमध्ये पाणी विकत. उतार तीव्र, कातळ उघडा, पडलेलं पाणी समुद्राकडं पळून जातं. आम्ही सहाशे-सातशे मिलिमीटरवर टँकर लावतो, ते तीन हजारावर. सरासरी काढून दुष्काळ ठरवणाऱ्यांनी दोन्हीकडं एकदा गाडीनं फिरून यावं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर कोकणच आमच्याकडं आलं. आष्टी, शिरूर कासारकडं असा पाऊस झाला की सिंदफणा बाजारपेठेत शिरली. त्याच आठवड्यात रेल्वेही आली. तीस वर्षांत जे झालं नाही ते सगळं एकदम.

*

आता या साऱ्यावर एकच उतारा म्हणून शक्तिपीठ महामार्ग निघाला आहे. मूळ आखणीत वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, त्यांत बीड. नागपूरहून गोव्याला अठरा तासांऐवजी आठ तासांत पोचायचं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं त्याच्या आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी आमच्या बागायतीतून नको म्हणून मोर्चे काढले, तेव्हा आखणी बदलण्याची भाषा सुरू झाली. मराठवाड्यातही मोजणीला आलेल्यांना शेतकऱ्यांनी परत पाठवलं. त्याची बातमी आतल्या पानावर आली.

रस्ता झालाच, तर तो घाटात वळणार नाही, बोगद्यातून जाईल. न्यूट्रल टाकायला उतार नसेल, काच खाली करून विचारायला माणूस नसेल, आत्याला मध्ये पंढरपूर करायचं तर कुठल्या फाट्याला खाली उतरायचं ते आधी शोधावं लागेल. गाडी एका ठरावीक वेगानं चालेल, आणि दाजींना झोप येईल. समृद्धी महामार्गावर हे पाहून झालं आहे.

मी हे सगळं तात्याला सांगितलं. नकाशाही दाखवला. त्यानं आधी जमीन कुणाकुणाची जातेय ते विचारलं, मग वेळ विचारली.

"बरंय की," तो म्हणाला. "दोन दिसाची वाट एका दिसात झाली, तर त्याच दिशी कोयता हातात यील."

"तसं नाही तात्या. असल्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालत नाही. समृद्धीवर बंदीच आहे. दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही."

"बैलगाडी?"

"नाही."

तात्यानं नकाशावरची ती रेघ पुन्हा एकदा बोटानं ओढून पाहिली, परळीपासून पार खाली पत्रादेवीपर्यंत.

"मंग त्या रोडनं जाणार कोण?"

"कोकण फिरायला जाणारे."

"म्हंजे तुम्हीच की," तात्या म्हणाला.